आत्याचं मत

माझ्या आत्याला दिसत नाही. शाळेत जायच्या वयाची होण्याआधीच तिला देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. कुणी त्याबद्दल हळहळायला लागलं की ती विषय बदलते, म्हणून मीही त्यावर एवढंच लिहिते. इंदूरच्या अंधशाळेत ती शिकली. तिथेच ब्रेल आली, टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण झालं, आणि मग उज्जैनच्या एका सरकारी ऑफिसात ती बोर्डावर बसली ती थेट रिटायर होईपर्यंत. लग्न केलं नाही. माझे बाबा तिचे थोरले भाऊ, त्यांच्याकडे, म्हणजे आमच्याकडेच राहिली.

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी तिची ड्यूटी हमखास असायची. मोजणीच्या प्रत्येक फेरीचा आकडा आधी तिच्या बोर्डावर यायचा आणि मग साहेबांच्या टेबलावर जायचा. संध्याकाळी ती घसा बसलेल्या अवस्थेत घरी यायची. बाबा तिला विचारून विचारून थकायचे, कोण पुढे आहे, किती फरक आहे. ती हातपाय धुऊन शांतपणे जेवायला बसायची. रेडिओवर सांगेपर्यंत तिनं एकही आकडा घरात फोडला नाही. बाबांना त्याचा रागही यायचा आणि चारचौघांत ते सांगताना त्यांचा ऊरही भरून यायचा.

तिचं स्वतःचं मत मात्र बाबा टाकायचे.

कायद्यात तशी सोय आहे. ज्याला दिसत नाही तो मतदार आपल्या विश्वासाचं माणूस आत नेऊ शकतो. त्या माणसानं एका कागदावर सही करायची, की मी हे गुपित ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणासाठी हे काम केलेलं नाही. बाबा ती सही फार गंभीरपणे करायचे. आदल्या दिवशी चहाच्या वेळी ते आम्हाला सगळ्यांना समोर बसवून कुणाला मत द्यायचं ते सांगत. आवाज चढवत नसत, पण त्यात विचारणंही नसे. आपल्या घराची मतं फुटायला नकोत, असं त्यांचं म्हणणं. आई मान हलवायची. आत्या काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं हा होकारच धरला जायचा.

बाबा गेले, आणि नानाखेड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी उरलो. आई, आत्या आणि मी. मी बँकेत आहे, फ्रीगंजच्या शाखेत. विधानसभेच्या निवडणुकीत बँकेच्या लोकांना ड्यूटी लागली तशी मलाही लागली आणि प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही शेकडो लोक बसलो होतो. समोर एक प्रशिक्षक मशीन जोडून दाखवत होते. मतदाराचं मशीन कोणतं, आपलं कोणतं, चिठ्ठीचं यंत्र कुठे ठेवायचं, कोणती तार कशात जाते. मग त्यांनी सामानाच्या थैलीतल्या एकेक वस्तू उचलून दाखवायला सुरुवात केली. शाई, सील, लाखेची कांडी, पट्ट्या. त्यातच त्यांनी एक जाडसर पांढरा कागद वर केला.

"ये दृष्टिबाधित मतदाता के लिए है, ब्रेल में," ते म्हणाले. "बैग में रहता है. मेरे सामने तो आज तक किसी ने माँगा नहीं." आणि तो खाली ठेवून त्यांनी पुढची वस्तू उचलली.

मध्ये चहाची सुट्टी झाली तेव्हा मी पुढे जाऊन तो कागद हातात घेतला. त्यावर उमेदवारांची नावं आणि क्रमांक उठावाच्या ठिपक्यांनी टोचलेले असतात, हे त्यांनी मला सांगितलं. मशीनवरही प्रत्येक निळ्या बटणाच्या शेजारी ब्रेलमध्ये आकडा आहे, तोही त्यांनी दाखवला. मी बोट फिरवून पाहिलं. मला नुसती खरखर लागली. हे कधीपासून आहे, असं विचारलं तर ते म्हणाले, बरीच वर्षं झाली, मॅडम.

घरी आले तेव्हा आत्या बटल्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला सांगितलं. तिचे हात थांबले.

"मशीनवरपण?" तिनं विचारलं.

"प्रत्येक बटणाजवळ."

"आणि हे आत्ता निघालंय?"

मी म्हटलं, नाही, बरीच वर्षं झाली म्हणाले. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, तिनं त्या मशीनला आजवर कधी हातही लावलेला नाही. दादा म्हणायचा, तू हात लावू नकोस, भलतंच दाबलं जाईल.

दोन-तीन दिवसांनी, मी ऑफिसला निघायच्या गडबडीत असताना, तिनं मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. मग तिनं जे सांगितलं ते आमच्या घरात त्याआधी कुणीही ऐकलेलं नव्हतं.

तिचं पहिलं मतदान कागदाचं होतं. शिक्का मारायचा आणि कागद दुमडून पेटीत टाकायचा. तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून तिनं आदल्या दिवशी उमेदवारांचा क्रम ऐकून घेतला होता. तिला ज्याला मत द्यायचं होतं त्याचं नाव अगदी वर होतं. आत गेल्यावर तिनं दादाच्या कानात ते नाव सांगितलं. दादा म्हणाला, बरं. त्यानं तिच्या हातात शिक्का दिला, तिचा हात धरला आणि कागदावर नेला. हात टेबलाच्या जवळच्या कडेपाशी टेकला. शिक्का कागदाच्या तळाशी बसला.

"कागद उलटा धरला असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. "मैत्रिणीनं चुकीचं सांगितलं असेल. मी तेव्हापासून मनाशी हेच म्हणत आलेय. पण मला माहीत नाही. त्यानंतर मी दादाला नाव सांगणंच सोडून दिलं. आत गेल्यावर तो विचारायचा, मी म्हणायची, तुला योग्य वाटेल ते."

माझा हात दाराच्या कडीवरच राहिला. ती रडत नव्हती की चिडलेलीही नव्हती. कित्येक वर्षं बोर्डावर बसून लोकांचे निरोप जसे पोचवले तसं तिनं हे मला पोचवलं.

दार लोटलेलं होतं, तरी आईनं ऐकलंच. संध्याकाळी मी परत आले तेव्हा घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता. जेवताना आई आत्याकडे न पाहता म्हणाली, "गेलेल्या माणसाबद्दल हे आता कशाला काढायचं वन्सं? ते उत्तर द्यायलाही नाहीत."

"मी आरोप करत नाहीये वहिनी," आत्या म्हणाली. "मला माहीत नाही, एवढंच म्हटलं."

आई उठून आत गेली. त्यानंतर बरेच दिवस त्या दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं चाललं. चहा घ्या, औषध घेतलं का, नळ आलाय. आत्या माझ्या बाबांना किती मानायची हे आईला माहीत होतं, म्हणूनच तिला ते जास्त लागलं असावं. आणि मला दोघींचंही पटत होतं. बाबा सरळ माणूस होते. घराचं भलं आपल्यालाच कळतं असं त्यांना मनापासून वाटायचं, हेही खरं.

विधानसभेच्या मतदानाला आत्या गेली नाही. तिच्या आयुष्यातलं ते पहिलंच चुकलेलं मतदान. मी ड्यूटीवर होते. आईनं तिला, मी बरोबर येऊ का, असं तुटक आवाजात विचारलं होतं, पण आत्या नको म्हणाली. कारण निराळंच होतं. मी सांगितल्यानंतर तिनं ट्रंकेतून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढून चार अक्षरं टोचून पाहिली होती, आणि तिला ती वाचता येईना. रिटायर झाल्यापासून तिचं सगळं रेडिओवर आणि बोलणाऱ्या मोबाईलवर चालायचं. ब्रेलची सवय सुटली होती. त्यात तिला शुगर. रोज सकाळी सुई टोचून बोटातून रक्त काढायचं आणि यंत्रात तपासायचं. ते काम आई करायची, आणि सोयीचा म्हणून नेहमी डावा हात धरायची. आत्याचं वाचायचं बोट म्हणजे डाव्या हाताची तर्जनी. टोचून टोचून तिचं टोक निबर झालं होतं.

"बोट चालत नाहीये," ती मला म्हणाली. "लोकसभेला बघू."

लोकसभा उन्हाळ्यात होती. हाताशी सगळा हिवाळा होता.

तिनं पहिलीच्या मुलासारखी सुरुवात केली. मी बँकेतून येताना जाड कागद आणायची. ती पाटीत कागद अडकवून टोचायची आणि मग उलटा करून वाचायची. सुरुवातीला तिला स्वतःचंच लिहिलेलं लागेना. बोटाला रात्री खोबरेल तेल लावून ठेवायची. भांडी विसळायचं काम तिचं होतं, ते मी माझ्याकडे घेतलं, साबणानं आणि गरम पाण्यानं बोट खराब होऊ नये म्हणून. आणि एका सकाळी मी पाहिलं, आईनं शुगरचं यंत्र काढलं, आत्यानं सवयीनं डावा हात पुढे केला, तो आईनं हळूच बाजूला सारला आणि उजव्या हाताचं बोट धरलं. त्या दिवसापासून सुई उजव्या हातालाच.

फेब्रुवारीत तिला आकडे चटचट लागायला लागले. मार्चमध्ये नावं. मी बुटाच्या खोक्याच्या झाकणावर तिच्यासाठी खोटं मशीन केलं. एकाखाली एक शर्टाची बटणं शिवली आणि शेजारी तिनंच टोचलेले आकडे चिकटवले. मी म्हणायची, सात. ती वरून खाली बोट नेत सातावर थांबायची आणि बटण दाबायची. मी तोंडानं मशीनसारखी शिट्टी वाजवायची. आई स्वयंपाकघरातून एकदा म्हणाली की तिला वाटलं कुकरच झाला. किती दिवसांनी आम्ही तिघी एकदम हसलो असू.

एप्रिलमध्ये आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, घरी आल्या. त्या एका सरकारी शाळेत शिकवतात आणि मतदारयादीचं कामही त्यांच्याकडे आहे. उन्हातून आल्या होत्या, पदरानं वारा घेत बसल्या आणि आनंदानं म्हणाल्या, माताजींसाठी चांगली बातमी आहे. वयस्कर आणि दिव्यांग मतदारांना आता घरबसल्या मत देता येतं. फक्त एक फॉर्म भरायचा, मग मतदान पथक स्वतः घरी येईल, पुठ्ठ्याचा आडोसा करील, व्हिडिओ काढील. बाहेर पडायची झंझट नाही. आईला ते ऐकून एकदम हायसं वाटलं. मलाही वाटलं. मेच्या उन्हात आत्याला नेण्याची मला धास्तीच होती.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "मशीन लाएँगे?"

"नहीं माताजी. काग़ज़ का मतपत्र रहेगा. आप निशान लगाइए, लिफ़ाफ़े में बंद."

"काग़ज़ पर मैं निशान कहाँ लगाऊँगी, मुझे कैसे मालूम पड़ेगा?"

बीएलओ बाईंनी पदरानं वारा घेणं थांबवलं. म्हणाल्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. घरच्या मतदानाला मशीन येत नाही. दृष्टिबाधित मतदाराला घरातलं कुणी मदत करू शकतं.

म्हणजे पुन्हा दुसऱ्याचा हात. आईनं काळजीनं आत्याकडे पाहिलं. लोकांच्या सोयीसाठी दोन चांगल्या गोष्टी झाल्या होत्या, आणि आत्यासाठी त्यातली एक घेतली की दुसरी हातची जात होती. हे नियम करणाऱ्यांना सुचलं नसणार, आणि त्यात त्यांचा फार दोष आहे असंही मला वाटत नाही. ते कळायला आत्यासारखा मतदार समोर बसावा लागतो.

"तो मैं आऊँगी," आत्यानं फोनवर सांगितलं. बीएलओ बाई व्हीलचेअरची व्यवस्था करते म्हणाल्या. आत्या म्हणाली, पाय चांगले आहेत माझे, तुम्ही फक्त तो कागद थैलीत आहे का ते बघून ठेवा.

मतदानाच्या दिवशी आई पहाटेच उठली आणि सात वाजता केंद्र उघडताच एकटीच जाऊन मत देऊन आली. ऊन व्हायच्या आत उरकून टाकते म्हणाली. मी आणि आत्या त्यानंतर निघालो. केंद्र शेजारच्या कॉलनीतल्या शाळेत होतं. आत्यानं सुती साडी नेसली होती, वाचायच्या बोटाला कापसाची पट्टी गुंडाळली होती आणि ती हात छातीशी धरून चालत होती. लोकांना वाटलं असेल हाताला लागलंय.

ज्येष्ठ म्हणून आम्हाला रांगेत पुढे घेतलं. आत एका टेबलावर नाव तपासलं, दुसऱ्यावर शाई लावली. शाई कोणत्या बोटाला लावायची यावर थोडी बोलाचाली झाली, कारण आत्या डावी तर्जनी पुढे करेना. नियमानं तीच लागते, असं तिथला कर्मचारी म्हणत होता. शेवटी तिनं, नखावरच लावा, टोकाला नको, असं समजावून सांगितलं. त्यानं हसून नखावर बारीक रेघ ओढली. मग केंद्राचे मुख्य अधिकारी पुढे आले. चाळिशीतले, घामाघूम झालेले, पण नम्र. त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं की आपण अम्मांसोबत आत जा, आधी इथं सही करा.

आत्या म्हणाली, "मुझसे बात कीजिए. मैं अकेली जाऊँगी. मुझे ब्रेल वाला काग़ज़ चाहिए."

अधिकाऱ्यांना पटकन कळलं नाही. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी प्रशिक्षणात पाहिलेला कागद कसा होता ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं माझ्या दंडावर हात ठेवला आणि मी थांबले. तिनंच सांगितलं की तो तुमच्या सामानात असतो, जाड असतो. भिंतीकडेला उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. त्यांतला एकजण म्हणाला, लाइन रुकी हुई है साहब, बेटी साथ में है तो डलवा दीजिए. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे हात करून त्याला गप्प केलं आणि थैली ओतली. एकेक पाकीट बाजूला ठेवत गेले. हा सगळा हिवाळा, ते तेल, ती बटणं, आणि कागदच नसला तर.

तो होता. एका मोठ्या पाकिटात इतर नमुन्यांच्या मध्ये, अगदी कोरा करकरीत. अधिकाऱ्यांनी तो दोन्ही हातांनी आत्याला दिला आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली. मला त्यांनी दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं.

आत्यानं बोटाची पट्टी सोडली. कागद मांडीवर सपाट केला आणि वाचायला लागली. रांगेतली माणसंही दारातून डोकावून पाहत होती. तिचं बोट पहिल्या ओळीवरून हळूहळू सरकत शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा शेवटपर्यंत. मला काळजी वाटायला लागली की तिला लागत नाहीये. तिसऱ्यांदा ती तेवढ्याच संथपणे गेली, कुठेही थांबली नाही, आणि कागद परत केला. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, पहिल्याच खेपेला सगळं लागलं होतं. पण सगळे बघत असणार हे तिला माहीत होतं. एका नावावर बोट थबकलं असतं तर भिंतीकडेला बसलेल्यांना कळलं असतं, म्हणून ती सगळ्या नावांवरून सारखीच फिरली.

अधिकारी तिला पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत घेऊन गेले. तिचा हात टेबलाच्या कडेवर ठेवला, दोन पावलं मागे आले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला आता फक्त तिची पाठ आणि वाकलेली मान दिसत होती. कोपर हळूहळू खाली येत होतं. मग ते थांबलं.

मशीनचा लांब आवाज आला. तो थांबल्यावरही ती तिथंच उभी होती, कान देऊन. मग वळली आणि म्हणाली, "हो गया."

मघाशी रांग थांबली म्हणणारा प्रतिनिधी उठून उभा राहिला होता. त्यानं तिच्यासाठी वाटेतली खुर्ची बाजूला केली.

बाहेर कडुनिंबाखाली बाकावर आम्ही बसलो. मी तिला पाण्याची बाटली दिली. मला वाटलं ती बाबांबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, "बटण केवढंसं आहे गं. मला वाटायचं चांगलं मोठं असेल."

घरी आल्यावर आईनं पानं घेतली. श्रीखंड केलं होतं. सणावाराशिवाय आमच्याकडे ते होत नाही, आणि आत्याला शुगर, म्हणून तिच्या वाटीत चमचाभर. आईनं आत्याला विचारलं, नीट झालं ना वन्सं. आत्यानं सगळं सांगितलं, कागद शोधण्यापासून. आई वाढता वाढता ऐकत होती. मग भाताचं पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, "मीपण या खेपेला माझं मी ठरवलं."

आम्ही दोघी तिच्याकडे वळलो.

"विधानसभेला त्यांनी जे सांगितलं असतं तेच मनात धरून देऊन आले," ती म्हणाली. "मला तर दिसतं वन्सं. माझा हात कुणी धरला नव्हता. तरी मी कधी विचारच केला नाही. या वेळी महिनाभर केला. सकाळी आत गेल्यावर सगळी नावं नीट वाचली आणि मग बटण दाबलं."

आत्यानं हात पुढे केला. आईनं तो हातात घेतला. कुणाला दिलं हे दोघींनी एकमेकींना विचारलं नाही, आणि मीही आजवर विचारलेलं नाही. बाबांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ते असते तर आधी रागावले असते, आणि मग सगळ्या नानाखेड्याला सांगत फिरले असते. आत्या म्हणाली, बरोबर आहे, अगदी असंच केलं असतं दादानं. त्या शिक्क्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघालेला नाही.

एक गोष्ट मात्र आत्याच्या मनात राहून गेली. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी दिसते, ज्याला दिलं त्याचं चिन्ह त्यावर असतं, आणि मग ती आत पडते. ती चिठ्ठी तिला दिसली नाही. तिला फक्त बारीक सरकल्यासारखा आवाज ऐकू आला. बीएलओ बाई पुढे एकदा भेटायला आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, माझा मोबाईल बोलतो, बँकेचं मशीन बोलतं, तर ही चिठ्ठी का बोलू नये. कानाला लावायचं एक यंत्र द्यावं, म्हणजे ज्याचं त्यालाच ऐकू येईल. बाईंनी ते लिहून घेतलं आणि वर कळवलं. त्याचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. आत्या मधूनमधून विचारते. होईल, म्हणते. कागद आणि आकडे झाले, तसं तेही होईल.

मध्यंतरी त्या बाईंनी तिला त्यांच्या भागातल्या बीएलओंच्या बैठकीला नेलं. आत्या तिथं फार बोलली नाही. थैलीत तो कागद कुठे असतो ते आधी पाहून ठेवा, आणि जो मतदार असेल त्याच्याशी बोला, त्याला घेऊन आलेल्याशी नको, एवढंच तिनं सांगितलं. बैठक संपल्यावर देवास गेटकडच्या एक शिक्षिका आमच्याजवळ आल्या. त्यांच्या यादीत एक नवराबायको होते, दोघांनाही दिसत नाही. मत त्यांचा मुलगा आणि सून टाकतात. आपण एकदा याल का, असं त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी आम्ही ई-रिक्षानं गेलो. अरुंद जिना होता, वर दोन खोल्या. नवरा साठीचा, बोलका. त्यानं आम्हाला पोहे खायला घातले आणि सांगितलं की मुलगा चांगला आहे, तो बरोबर टाकतो, आम्हाला काही अडचण नाही. आत्यानं ते ऐकून घेतलं, वाद घातला नाही. त्याची बायको कोपऱ्यात बसली होती, शाळेत कधी गेलेली नव्हती. आत्या तिच्याजवळ सरकून बसली आणि म्हणाली, नावं वाचायला वेळ लागेल, पण नावं कुणाकडूनही घरी ऐकून ठेवता येतात. आत फक्त आकडा ओळखायचा. तेवढं जमेल.

तिनं पिशवीतून टोचलेला कागद काढला आणि त्या बाईचं बोट पहिल्या ठिपक्यांवर ठेवून स्वतःचा हात काढून घेतला. बाई बराच वेळ तिथंच चाचपडत राहिली. मुलगा दारात उभा होता. तो जवळ येऊन म्हणाला, "मम्मी, मैं हूँ ना."

"तू बैठ," ती म्हणाली. "मुझे गिनने दे."